ब्रेक तापतो तेव्हा

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसरं वळण संपलं की समोर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा उघडतो. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत इथे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. आता ट्रॅक डेला हौशी मंडळी आपली रोजची गाडी घेऊन उतरतात, सोमवारी जिने ऑफिस गाठायचं तीच. सरळ पट्ट्यावर वेग कोणीही गाठतो. पट्टा संपताना चौथं वळण येतं, तिथे कस लागतो तो ब्रेकचा.

चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनत असलेली पोलो गाडी उदाहरणाला घेऊ. तिचं जीटी टीएसआय मॉडेल १०५ अश्वशक्तीचं, चालकासह वजन साधारण १,२०० किलो. ताशी १४० वरून ६० वर यायला तिला जोरदार ब्रेक लावून तीनेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जी ऊर्जा उष्णतेत बदलते, ती अडीच लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला पुरेल. हिशोब केला तर ब्रेकचं काम तीनशे अश्वशक्तीच्या वर जातं, म्हणजे इंजिनाच्या तिपटीहून जास्त. गाडीचं नाक खाली दबतं, वजन पुढे सरकतं आणि या कामाचा बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो. मागचे ड्रम फारसं काही करत नाहीत. शहरात असा ब्रेक क्वचित लागतो, आणि लागला तरी पुढची काही मिनिटं डिस्कला वारा मिळतो. ट्रॅकवर अर्ध्या मिनिटाच्या आत पुढचं वळण हजर असतं.

ब्रेक तापणं मराठी माणसाला नवीन नाही. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना लायनर जळाल्याचा वास आपण सगळ्यांनीच घेतला आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ड्रायव्हरांचं सांगणं शंभर टक्के खरं आहे. मात्र ते तसंच्या तसं ट्रॅकवर नेऊ नये. घाटात मंद आणि सलग उतार असतो, म्हणून इंजिनाने गाडी रोखून धरायची. ट्रॅकवर वेग उतरवायचं काम ब्रेकनेच करायचं आणि गिअर पुढच्या वेगासाठी तयार ठेवायचा. झिजलेले पॅड बदलता येतात. चुकीच्या वेळी खालचा गिअर टाकून इंजिनाला जी इजा होते, ती फार महागात पडते.

डिस्क ब्रेकला आजचं स्थान मिळालं तेसुद्धा शर्यतीतून. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण त्या काळच्या साहित्यात ते निभावलं नाही. पुढे पन्नासेक वर्षं ड्रमचंच राज्य राहिलं. ड्रमची अडचण अशी की तापला की तो फुगून लायनरपासून दूर जातो, पेडल आणखी खाली दाबावं लागतं, आणि आत कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. १९५३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आणली, तीही ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीने. ड्रमवाल्या प्रतिस्पर्ध्यांना जिथे लवकर ब्रेक लावावा लागे, तिथे जॅग्वार आणखी पुढे जाऊन लावू शके. दोनच वर्षांनी सिट्रोएनच्या डीएस या रस्त्यावरच्या गाडीत पुढे डिस्क आल्या.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो, आणि पायाला त्यातला फरक कळायला हवा. पेडल घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड प्रमाणाबाहेर तापले. पेडल मऊ पडून खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलं. दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण ऑइल दाबलं जात नाही पण त्यात झालेली वाफ दाबली जाते. पाय टेकतो, पण पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत जोरच पोचत नाही. आपल्या गाड्यांत सहसा डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि चार टक्क्यांच्या आत पाणी शिरलं तरी तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या हवेत तीन पावसाळे काढलेली गाडी तशीच ट्रॅकवर नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. माझं ठाम मत आहे की हौशी माणसाने पहिला पैसा इथे घालावा: ताजं, सीलबंद बाटलीतलं ऑइल आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधून नीट काढलेली हवा. डॉट ५.१ ची मर्यादा आणखी वर, २६० अंशांची आहे. नावात पाच असलेलं साधं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही.

त्यानंतर पॅड. निव्वळ शर्यतीचे पॅड रोजच्या गाडीला लावू नयेत. ते तापल्यावर उत्तम पकडतात, पण सकाळी थंड असताना पहिल्या सिग्नलला कमी पडतात, वर किंचाळतात. रस्त्यावर चालणारे पण जास्त उष्णता सोसणारे मधल्या वर्गातले पॅड मिळतात, ते घ्यावेत आणि ट्रॅकवर जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर डिस्कवर नीट बसवून घ्यावेत. मोठ्या डिस्क आणि रंगीत कॅलिपरचा मोह मला पटत नाही. मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते हे खरं, पण शेवटी गाडी थांबवतो तो टायर, आणि टायर साधाच असेल तर त्या खर्चाने थांबण्याचं अंतर फारसं कमी होत नाही.

आता पाय. शहरात आपण ब्रेक हलक्याने सुरू करतो आणि शेवटी जोर वाढवतो. ट्रॅकवर याच्या उलट करायचं. पहिल्या क्षणार्धात पेडल आवळायचं, म्हणजे वजन पुढच्या टायरांवर येतं. लगेच पूर्ण जोर द्यायचा आणि वेग उतरेल तसा तो सोडत यायचा. हे सोडणंच शिकायला सगळ्यात अवघड. एकदम पाय उचलला तर नाक वर येतं आणि वळणाच्या तोंडाशीच पुढच्या टायरांची पकड जाते. लांबून पाय टेकवून येणाऱ्याचे ब्रेक जास्त तापतात, कारण उष्णता तेवढीच निर्माण होते आणि गार व्हायला वेळ मात्र कमी मिळतो. एबीएस असेल तर पेडल थरथरल्यावर घाबरून पाय काढू नये, दाब तसाच ठेवावा. वळणात शिरतानाही थोडा ब्रेक धरून ठेवायची रीत आहे, तिने वेळ वाचतो. पण पहिल्या काही ट्रॅक डेला सगळा ब्रेक सरळ रेषेत संपवावा. एकाच पायाने ब्रेक आणि अॅक्सिलरेटर सांभाळायच्या टाच-पंजाच्या कसरतीही तोवर दूर ठेवाव्यात.

शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता, वारा देत काढा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि थांबल्यावर ब्रेकवर पाय दाबून बसू नका. तापलेला पॅड डिस्कवर एका जागी चिकटून थर सोडतो आणि मग घरी जाताना ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, पण बऱ्याचदा तो हा थरच असतो. परत निघण्याआधी ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि चाक काढून पॅड मोजा. तीन मिलिमीटरहून कमी उरले असतील, तर नवे पॅड बसवल्याशिवाय ती गाडी हायवेवर काढू नका.