आधी आवाज, मग चित्र

मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारी सडक ज्या गावाच्या नावातच वस्तीला आली आहे, त्या सडक अर्जुनीच्या परिसरात दिवाळी सरली, हलक्या धानाची कापणी आटोपली, की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास उभे राहिलेले नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य पहाटेचा तांबडा उजेड फुटेपर्यंत चालते. झाडीपट्टी म्हणतात त्या आमच्या मुलखातील या रात्री चित्रित करून ठेवण्याचा उद्योग मी गेली तीसेक वर्षे करीत आलो आहे. आणि आज ज्या तरुणांनी नव्या उमेदीने कॅमेरा हाती धरला आहे, त्यांच्यासमोर या तीस वर्षांतील जमाखर्च एकदा मांडून ठेवावा, एवढाच या मागोव्याचा हेतू आहे.

आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी. माझी उमेदवारी त्याच्याही आधीची. खांद्यावर पेलावा लागणारा व्हीएचएस कॅमेरा, एक हजार वॅटचा हॅलोजन दिवा, तो उंच धरून उभा राहणारा एक मदतनीस आणि पायांत गुंतणारी लांबच लांब वायर, असा तेव्हाचा सरंजाम असे. तीन तासांची कॅसेट नाटकाच्या मध्यावरच संपे. शिवाय उघड्यावरच्या थंडीतून यंत्र शेकोटीच्या उबेला आणले, की आत दव धरे, ‘ड्यू’ ही अक्षरे लुकलुकू लागत, आणि आतील ड्रम कोरडा होईपर्यंत फीत पुढे सरकण्यास साफ नकार देई. कॅसेटची नक्कल काढली की चित्र फिके पडे, नकलेची नक्कल काढली की माणसांचे चेहरे पुसले जात. त्यामुळे मूळ प्रत ज्याच्या घरी, त्याच्याच घरी ती रात्र राहिली, आणि पुष्कळ ठिकाणी पावसाळ्यातील बुरशीने तीही खाल्ली.

त्या काळातील एका रात्रीची हकीगत येथे नोंदवणे अगत्याचे आहे, कारण या विषयातील माझे सारे मत तिच्यावर उभे आहे. दंडार ऐन रंगात आली असता जनरेटर बंद पडला, दिवे गेले, कर्णे मुके झाले. तेव्हा मंडळींनी एक गॅसबत्ती पेटवून मध्ये ठेवली, प्रेक्षक पुढे सरकून अर्धवर्तुळ करून बसले, आणि एक वयोवृद्ध कलावंत कोणत्याही यंत्राच्या आधाराविना गाऊ लागला. माझा कॅमेरा बॅटरीवर चालत होता आणि गर्दीच्या रेट्याने मी त्याच्यापासून जेमतेम चार हातांवर येऊन पडलो होतो. घरी येऊन पाहिले तो चित्र जवळजवळ काळे, त्यात एका गालाची कड आणि फेट्याचा एक पदर तेवढा उजळलेला. परंतु आवाज असा स्वच्छ, की दोन ओळींच्या मध्ये त्याने घेतलेला श्वासही ऐकू यावा.

पुढे अंकीय फितीचा अंमल सुरू झाला. डीव्ही ही पद्धत जगात १९९५ साली आली, आणि सोनीचा पीडी-१७० हा कॅमेरा २००३ सालचा. आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या हातांतून ही पद्धत पोहोचली. साठ मिनिटांची इवलीशी फीत, तिच्यातील मजकूर फायरवायरच्या तारेने संगणकात उतरवायचा तर तोही तास-तासभर बसूनच, आणि एका तासाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा. पण नक्कल आणि मूळ यांतील तफावत संपली, ही क्रांतीच होती. नेमक्या त्याच हर्षात माझ्या हातून मोठा प्रमाद घडला. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून निघालेली तार मी थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात खोचली. मिक्सरचा संकेत जोरकस, माइकसाठी केलेली वाट अत्यंत नाजूक. कॅमेऱ्यावरील निवड ‘माइक’वरून ‘लाइन’वर आणावी लागते, एवढे ज्ञान मजपाशी नव्हते, आणि कानाला हेडफोन लावून खातरजमा करण्याची तसदीही मी घेतली नाही. अख्ख्या नाटकाचे चित्र काचेसारखे स्वच्छ आले, आणि प्रत्येक संवाद फाटलेल्या पत्र्यासारखा वाजला. त्या संचातील एका ज्येष्ठ नटाचे ते अखेरचे चित्रण ठरले, म्हणून ही चूक मी आजही विसरू शकत नाही.

तिसरा टप्पा छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांचा. २००८ साली कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला, आणि सिनेमाच्या पडद्यावरच शोभावी अशी पुसट पार्श्वभूमीची चित्रे सामान्यांच्या आवाक्यात आली. मात्र त्याचे एक चित्रण चार गिगाबाइटला, म्हणजे सुमारे बारा मिनिटांना तुटत असे. ध्वनीची पातळी स्वहस्ते ठरवण्याची सोय २०१० सालच्या सुधारणेनंतर मिळाली, आणि हेडफोन जोडण्याची जागा तर त्यात नव्हतीच. डोळ्यांचे इतके लाड करणाऱ्या त्या यंत्राने कानांची किती उपेक्षा केली होती, हे पाहिले म्हणजे नवशिक्यांची सवय कोठून बिघडली, याचा उलगडा होतो.

वस्तुतः आपल्याकडील परंपरा याहून वेगळे शिकवते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांनी थेट हरिश्चंद्राची कथा हाती घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले, आणि त्या रोपट्यावर आपले यंत्र व आपला हात दोन्ही पारखून घेतले. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ मूक होता. त्याच राजाला मराठी वाणी लाभली ती १९३२ साली, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये. ज्या आवाजासाठी या कथेला एकोणीस वर्षे वाट पाहावी लागली, तो आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये निमूटपणे बसला आहे, आणि आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी आपल्या चित्रपटांसाठी बैलगाडीची क्रेन केली आणि सायकलवरून कॅमेरा फिरवला. साधनांची उणीव कल्पकतेने भरून काढता येते, याचे हे उज्ज्वल उदाहरण होय. परंतु त्या क्षणी जो आवाज टिपला गेला नाही, त्याची उणीव कोणत्याही बैलगाडीने भरून येत नाही.

म्हणून मंडईच्या रात्री प्रथमच चित्रण करू निघालेल्याने काय करावे, ते अनुभवाने सांगतो. खेळाच्या तासभर आधी जाऊन ट्रायपॉड प्रेक्षकांच्या मधोमध, नटाच्या नजरेच्या उंचीवर रोवावा. रंगमंचावरील दिवे लागताच पांढरा कागद धरून यंत्राला पांढरा रंग कोणता ते शिकवावे. चेहरा निश्चित करून प्रकाशाची मात्रा तेथेच कुलूपबंद करावी. नाहीतर मागचा काळोख पाहून यंत्र आपणहून उजेड वाढवते आणि चेहरे पिठासारखे पांढरे पडतात. आपल्याकडील वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा गती सेकंदाला पंचवीस चौकटी आणि शटर पन्नासावा भाग ठेवला, की दिव्यांची थरथर चित्रात उतरत नाही. मोबाइल असेल तर तो आडवा धरावा, विमान-मोडवर टाकावा, आणि जागा आधीच मोकळी करावी. ध्वनीसाठी वेगळा रेकॉर्डर नटांच्या जवळ ठेवून आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे पुढे त्या टाळीवर चित्र व आवाज यांची सांगड घालता येते. आवाजाचा काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळू द्यावा, आणि हेडफोन कानावरून उतरवू नये. दुसऱ्या दिवशी कार्ड रिकामे करण्यापूर्वी दोन प्रती दोन निरनिराळ्या घरांत पोहोचल्या पाहिजेत.

“भाऊ, कॅमेरा कोणता घेऊ?” असे विचारत कोणी तरुण आला, म्हणजे मी त्याला तूर्त उत्तर देत नाही. त्या गॅसबत्तीच्या रात्रीची कॅसेट आता मी संगणकात उतरवून घेतली आहे. पडद्यावर आपला दुपट्टा टाकून तो मी झाकतो, त्या तरुणाच्या कानांना हेडफोन लावतो आणि ती सुरू करतो. प्रथम ढोलकीच्या शाईवरची थाप, मग कोणा म्हाताऱ्याचा खोकला, दूर कोठे कुत्र्याचे भुंकणे, आणि मग झाडीबोलीतील तो आवाज, दोन ओळींच्या मध्ये श्वास घेणारा. चार-पाच मिनिटांनी हेडफोन उतरवताना बहुतेक मुले कॅमेऱ्याचा विषय काढीत नाहीत. माइक कोठे मिळेल, एवढेच विचारतात.