बातमीच्या घाईत घडलेला जँगो

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे प्रोग्रॅमर काम करत होते. काम वर्तमानपत्राचं, त्यामुळे वेबसाइटचा नवा भाग कधी काही दिवसांत, तर कधी काही तासांत उभा करावा लागे. दर वेळी तेच ते पुन्हा लिहायला वेळ कुणाला? सारखा लागणारा कोड त्यांनी वेगळा काढला. जुलै २००५मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावानं ओळखला जाऊ लागला. (स्पेलिंगमधला पहिला ‘डी’ उच्चारायचा नाही!)

पायथॉन येत असेल, तर सुरुवात सोपी आहे. पिपनं जँगो इन्स्टॉल करायचं, प्रोजेक्ट तयार करायचा, ‘रनसर्व्हर’ची कमांड द्यायची. ब्राउझरमध्ये रॉकेटचं चित्र आलं की समजायचं, जमलं.

इथून बरेच जण थेट पानांच्या सजावटीकडे वळतात. ती घाई नको. जँगोची खरी ओळख होते ती अ‍ॅडमिनमध्ये.

समजा, वाचनालयाची नोंदवही करायची आहे. ‘बुक’ नावाचं मॉडेल लिहायचं: शीर्षक, लेखक, नोंदीची वेळ. ‘मेकमायग्रेशन्स’ ही कमांड या बदलाची फाइल बनवते, ‘मायग्रेट’ तो डेटाबेसमध्ये उतरवते. दुसरी विसरलात तर ‘असं टेबलच नाही’ म्हणून एरर येते. नवशिक्यांपैकी बहुतेकांना ती एकदा तरी भेटतेच. मग मॉडेलची अ‍ॅडमिनमध्ये नोंदणी करायची, सुपरयूजर बनवायचा आणि लॉगिन करायचं. भरायचा फॉर्म, यादी, दुरुस्ती, डिलीट, सगळं हजर. बातम्या भरणाऱ्या, कोड न येणाऱ्या माणसांसाठी ही सोय होती; वाचनालयाच्या ग्रंथपालालाही ती तितकीच कामाची.

पहिलं पुस्तक सेव्ह केलं की यादीत शीर्षकाऐवजी ‘बुक ऑब्जेक्ट (१)’ दिसतं. नोंद कशी दाखवायची हे मॉडेलमध्ये ‘स्ट्र’ मेथड लिहून सांगावं लागतं. मॉडेलला ‘पुस्तक’ असं मराठी नाव दिलं, तर जँगो त्यालाही इंग्रजी ‘एस’ चिकटवून अनेकवचन करतं. म्हणून ‘पुस्तके’ हे वेगळं लिहून द्यायचं.

आणखी एक गंमत घड्याळाची. सकाळी दहाला केलेली नोंद पहाटे साडेचारची दिसते, कारण नव्या प्रोजेक्टची वेळ यूटीसी असते. सेटिंग्जमधल्या एका ओळीत ‘आशिया/कोलकाता’ लिहिलं की स्क्रीनवर दहा वाजतात. डेटाबेसमध्ये मात्र साडेचारच राहतात.