ज्वालामुखीचा डोंगर चढताना : जपानचा ओंताके काय शिकवतो?



भूगोलाच्या तासाला आपण ज्वालामुखीचे तीन प्रकार शिकवतो : जागृत, निद्रिस्त आणि मृत. मुलं व्याख्या पाठ करतात, एकेक उदाहरण लिहितात, गुण मिळतात. पण उद्या हीच मुलं जपान किंवा इंडोनेशियाला फिरायला गेली आणि तिथला ज्वालामुखी चढू लागली, तर? ‘डोंगर शांत आहे’ आणि ‘डोंगर सुरक्षित आहे’ यांतला फरक त्यांना कळेल का? हा फरक समजून घ्यायला जपानमधल्या ओंताके पर्वताचं उदाहरण फार उपयोगी आहे.

ओंताकेची ओळख

ओंताके मध्य जपानमध्ये आहे. उंची ३,०६७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळजवळ दुप्पट. जपानच्या ज्वालामुखींमध्ये फुजीनंतर उंचीला याचाच नंबर लागतो. तिथले लोक या पर्वताला पवित्र मानतात. पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू शेकडो वर्षांपासून तो चढत आले आहेत. एका बाजूने साधारण २,१८० मीटरपर्यंत गाडीरस्ता आहे. तिथून पुढे काही तासांची चढण. त्यामुळे हौशी मंडळीही एका दिवसात जाऊन येतात.

या पर्वताच्या उद्रेकाची लेखी नोंद कुठेच नव्हती. म्हणून लोक त्याला निद्रिस्त किंवा मृतच समजत. पण २८ ऑक्टोबर १९७९ रोजी तो फुटला! माणसाच्या आठवणीतली काही शतकं ही डोंगराच्या आयुष्यात डुलकीएवढीच असतात. म्हणूनच आता जपानमध्ये गेल्या सुमारे १०,००० वर्षांत उद्रेक झालेल्या किंवा आजही जोरात वाफा-वायू सोडणाऱ्या डोंगराला जागृत ज्वालामुखी म्हणतात. असे १११ ज्वालामुखी त्या देशात आहेत.

२७ सप्टेंबर २०१४

शनिवार होता, आकाश निरभ्र होतं, झाडांची पानं रंगली होती. माथ्यावर गर्दी होती. सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी, जेवणाच्या वेळेला, डोंगर फुटला. दगडांचा मारा सुरू झाला आणि राखेने भरदिवसा अंधार केला. ५८ जणांचा मृत्यू झाला आणि ५ जण सापडलेच नाहीत. बहुतेकांचा जीव उडालेल्या दगडांनी घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतरची जपानमधली ही सर्वांत मोठी ज्वालामुखी दुर्घटना.

त्या दिवशी धोक्याची पातळी १ होती आणि तिचा अर्थ दिला होता ‘नेहमीसारखी स्थिती’. दोन आठवड्यांपूर्वी लहान भूकंप वाढले होते, पण नंतर ते कमी झाले. उद्रेकाआधी जमिनीची सलग थरथर यंत्रांवर दिसली ती फक्त ११ मिनिटं आधी. एवढ्या वेळात माथ्यावरचा माणूस खाली कसा येणार?

लाव्हा नव्हता, मग स्फोट कसा?

मुलांना कुकरचं उदाहरण द्या. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,६०० पट जागा मागते. शिट्टीत शीत अडकलं की वाफेला वाट मिळत नाही आणि दाब वाढत जातो. ओंताकेच्या पोटात हेच झालं. खोलवरच्या उष्णतेने जमिनीतलं पाणी तापलं, दाब वाढला आणि वरचा खडक फोडून वाफ बाहेर आली. याला वाफेचा उद्रेक म्हणतात. शिलारस वर चढत असेल तर बऱ्याचदा आधी चाहूल लागते. वाफेचा उद्रेक मात्र फारशी सूचना देत नाही.

चढणाऱ्याने काय करावं?

• निघण्याआधी त्या दिवशीची धोक्याची पातळी आणि बंद वाटा पाहाव्यात. स्थानिक लोकांनी बंद केलेल्या वाटेने जाऊ नये.
• कुठे जातोय, कधी परतणार, हे लिहून द्यावं. शोध घेणाऱ्यांना त्याचाच आधार असतो.
• हेल्मेट, मास्क आणि डोळ्यांना गॉगल जवळ ठेवावा.
• वाटेवरचे निवारे कुठे आहेत ते आधीच बघून ठेवावं.
• विवराच्या काठी फोटो काढत, डबा खात रेंगाळू नये. बघावं आणि खाली यावं.
• खोलगट जागेत बसू नये. तिथे हवेपेक्षा जड विषारी वायू साचतात.
• स्फोट झालाच तर चित्रीकरण करत थांबू नये. निवारा किंवा मोठ्या खडकाचा आडोसा गाठावा, पाठीवरची सॅक डोक्यावर धरावी, नाकातोंडावर कापड घ्यावं.

दुर्घटनेनंतर जपानने पातळी १ चं वर्णन बदललं. आता तिचा अर्थ आहे, ‘हा जागृत ज्वालामुखी आहे हे लक्षात ठेवा’. माथ्यावर भक्कम निवारेही बांधले.

आपला सह्याद्री

मुलं लगेच विचारतील, “सर, मग आपले गडपण फुटतील का?” नाही. आपला काळा कातळ लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून पसरला. ती उष्णता केव्हाच निवली. मात्र गडावर निवांत डबा उघडून बसायची आपली सवय जिवंत ज्वालामुखीच्या माथ्यावर चालत नाही.

वर्गात एक उपक्रम घ्या. तीन प्रकार लिहून झाले की मुलांना विचारा, “या डोंगरावर जायचं असेल तर तुम्ही आधी कोणते पाच प्रश्न विचाराल?” त्यांची उत्तरं फळ्यावर लिहा आणि वरच्या यादीशी ताडून पाहा. घरी पालकांनीही सहल ठरवताना हेच करावं.