पाणी पाजलेलं फेराइट

लोहार विळा लालबुंद तापवून चर्रकन पाण्यात बुडवतो, म्हणजेच त्याला पाणी पाजतो. हैदराबादेत, तारनाक्याला लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइटवर, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या चुंबकीय पदार्थांवर, कित्येक दशकं संशोधन चालू आहे. तिथल्या विद्येचीही लोहाराच्या त्या चर्रशी जवळची सोयरीक आहे. फरक इतकाच की इथे पाणी पाजायचं ते नाण्याएवढ्या काळ्या टिकलीला.

कॉपर फेराइट घ्या. आयर्न ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड तोलून अकीकाच्या खलात तासन् तास घोटायचे. वैद्याची मात्रा परवडली! मग 800-900 अंशांची पहिली भाजणी, पुन्हा खल, लाडवाला पाक घालावा तसे चिकट पीव्हीएचे थेंब, आणि दाबयंत्रात टिकली. दुसरी भाजणी आणखी कडक. इथवर सगळ्या टिकल्या बहिणी-बहिणी.

फाटे फुटतात ते भट्टी बंद करताना. एक टिकली आतच राहते, रात्रभर सावकाश निवते. दुसरी चिमट्याने उचलून थेट पाण्यात. कधीकधी ती तडकते, मग पुन्हा खलापासून सुरुवात. शाबूत राहिली तर क्ष-किरणांचा आलेख बघावा: सावकाश निवलेलीची काही शिखरं दुभंगलेली, कारण तिच्या स्फटिकातला घन एका दिशेने ताणला गेलेला, पाण्यात पडलेलीची शिखरं एकसंध.

गोम तांब्यात आहे. फेराइटच्या जाळीत अणूंना बसायला दोन तऱ्हेच्या जागा असतात: चार ऑक्सिजनांच्या घेऱ्यातली आणि सहांच्या. दोन्हींकडचे चुंबक एकमेकांविरुद्ध उभे राहतात, उरते ती वजाबाकी. लुई नेल यांनी 1948 साली हे कोडं उलगडलं. 1970 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लोखंडाचा चुंबक 5 एकक, तांब्याचा 1. सगळं तांबं सहांच्या घेऱ्यात बसलं, तर त्या बाजूला 6, समोर 5, शिल्लक फक्त 1. पण शेकडा दहा तांबं लोखंडाशी जागा बदलून चारांच्या घेऱ्यात गेलं, की हिशेबाने शिल्लक 1.8 होते. भर उष्णतेत तांबं अशी जागा बदलतं. सावकाश निवताना त्याला परतायला सवड मिळते, पाण्यात ती मिळत नाही. म्हणून एकाच भुकटीतली दुसरी टिकली जास्त चुंबकीय.

मिश्रणात जस्त घातलं की भानगड वाढते. जस्त चारांच्या घेऱ्यात हटकून बसतं, त्यामुळे काही प्रमाणापर्यंत चुंबकत्व चढतं. मात्र फार तापलं की ते वाफ होऊन निसटतं. म्हणून अशा टिकल्या त्याच मिश्रणाच्या भुकटीत पुरून भाजतात. फेराइट केवळ प्रयोगशाळेतच नसतं: लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर जो जाडसर गोळा दिसतो, त्यातही तेच असतं.

उस्मानियाचं मराठवाड्याशीही जुनं नातं: 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत मराठवाड्यातली महाविद्यालयं उस्मानियालाच जोडलेली होती. पुढे औरंगाबादच्या प्रयोगशाळांमध्येही फेराइटच्या भट्ट्या पेटल्या. खल तोच, भाजणीही तीच, आणि भट्टीचं दार नेमकं किती अंशांवर उघडलं याची वहीत नोंदही तशीच.