पिक्सेल अभिज्ञातकांची कणशलाकेतील परीक्षा : नियोजनाचा विचार

सिलिकॉनचा पिक्सेल अभिज्ञातक म्हणजे सूक्ष्म चौकटींत विभागलेली अर्धसंवाहकाची पातळ चकती होय. 300 मायक्रॉन जाडीच्या अशा चकतीतून वेगवान विद्युत्‌भारित कण गेला असता इलेक्ट्रॉन व पोकळी यांच्या सुमारे 22,000 जोड्या निर्माण होतात. ज्या चौकटीत संकेत उमटतो तीवरून कणाचे स्थान कळते. परंतु अभिज्ञातकाने कण खरोखर टिपला की निसटू दिला, हे ठरविण्यासाठी कण कोठून गेला याची स्वतंत्र साक्ष हवी. म्हणून वेगवर्धकाच्या शलाकेत, परीक्ष्य अभिज्ञातकाच्या पुढे व मागे, कणाचा मार्ग नोंदणाऱ्या फलकांची मालिका उभारतात. तिला टेलिस्कोप म्हणतात.

नियोजनातील पहिला प्रश्न शलाकेच्या निवडीचा. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात 1988 साली सुरू झालेल्या पेलेट्रॉन वेगवर्धकाची रचना 1 कोटी 40 लक्ष व्होल्ट दाबासाठी केलेली आहे. त्यातून प्रोटॉनला तत्त्वतः 28 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा मिळते. 20 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन 300 मायक्रॉन सिलिकॉन ओलांडताना बहुविध प्रकीर्णनामुळे सरासरी 15 मिलिरेडियनने वळतो, म्हणजे 10 सेंटिमीटर पुढे त्याचे स्थान दीड मिलिमीटरने संदिग्ध होते. जर्मनीतील डेझी संस्थेच्या 5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांसाठी हीच संदिग्धता 12 मायक्रॉन, तर सर्न येथील 120 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पायॉनांसाठी केवळ अर्धा मायक्रॉन असते.

टाटा संस्था ज्यात सहभागी आहे त्या सीएमएस प्रयोगात 2017 साली बसविलेल्या पिक्सेलांचा आकार 100 × 150 मायक्रॉन आहे. दीड मिलिमीटरच्या संदिग्धतेत अशी पंधरा पिक्सेले सामावतात. तेव्हा निकामी पिक्सेल आणि चुकीचा आखलेला मार्ग यांत भेद करता येत नाही. अभिज्ञातकाचा दोष शलाकेच्या माथी जातो किंवा शलाकेचा दोष अभिज्ञातकाच्या. याचा अर्थ पेलेट्रॉन निरुपयोगी आहे असा नव्हे. तेथील प्रोटॉन प्रतिमायक्रॉन सुमारे बारापट ऊर्जा सोडतो. मोठ्या संकेताला इलेक्ट्रॉनिक मंडल कसा प्रतिसाद देते व प्रारणाने कोणती हानी होते, हे तेथे उत्तम तपासता येते. प्रश्न निराळा, म्हणून शलाका निराळी.

दुसरा प्रश्न मोजणीचा. कार्यक्षमता 99 टक्के असल्यास 10,000 मार्गांवरून तिचे मूल्य 0.1 टक्का अनिश्चिततेने मिळते. पिक्सेलचे 100 भाग कल्पून प्रत्येकात हीच अचूकता हवी असल्यास 10 लक्ष मार्ग लागतात. विद्युत् दाब व आपाती कोन यांच्या 20 जोडण्यांसाठी तसेच करावयाचे ठरविल्यास 2 कोटी. सेकंदाला 200 उपयुक्त मार्ग मिळतात असे धरल्यास त्यास सुमारे 28 तास हवेत. परंतु सूक्ष्म नकाशा एकाच जोडणीत काढून उरलेल्या 19 जोडण्यांत प्रत्येकी 10,000 मार्ग घेतले, तर प्रत्यक्ष मोजणी पावणेदोन तासांच्या आत संपते. वाचलेला वेळ फलकांच्या संरेखनास, उंबरठ्याच्या निश्चितीस व अनपेक्षित बिघाडास उपयोगी पडतो.

म्हणूनच प्रत्येक जोडणीमागचा प्रश्न आधी लिहून काढावा, संरेखनाची नोंद सर्वप्रथम घ्यावी आणि तिचे विश्लेषण शलाका चालू असतानाच करावे. वेगवर्धकाचे वेळापत्रकही ध्यानात घ्यावे लागते. सर्न येथील वेगवर्धक 2018 च्या अखेरीस दीर्घ दुरुस्तीसाठी थांबले, तेव्हा 2021 पर्यंत अनेक गटांना डेझीकडे वळावे लागले. आणि शलाका बदलताच प्रकीर्णनाचे गणित नव्याने मांडावे लागले. शलाकेचा काळ मोजका असतो. त्या काळात उत्तरे मिळवावयाची असतात. प्रश्न ठरविण्याचे काम आपल्याच प्रयोगशाळेत, कागद-पेन्सिलीने, आधी उरकलेले असले पाहिजे.