स्कूबा डायव्हिंग शिकताय? प्रशिक्षण कसे असावे आणि डॉक्टरांना कधी भेटावे

तारकर्ली, मालवण किंवा गोव्याच्या सहलीत आता बरीच कुटुंबे स्कूबा डायव्हिंग करतात. ‘मला दमा आहे, चालेल का?’ असे काही जण आधी विचारतात. पण अनेक जण किनाऱ्यावर दिलेल्या फॉर्मवर घाईघाईने सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून बोटीत बसतात. ही घाई जिवावर बेतू शकते.

पाण्याखाली शरीरात काय होते?

१० मीटर खोलीवर शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. सिलिंडरमधून मिळणारी हवाही तेवढ्याच दाबाची असते. तिथे छातीभर श्वास घेऊन तो रोखून तुम्ही वर आलात, तर ती हवा प्रसरण पावून दुप्पट जागा मागते. त्यामुळे फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हवेचे आकारमान पृष्ठभागाजवळ सर्वांत वेगाने बदलते. म्हणून ‘पाणी उथळ आहे, काही होत नाही’ हा समज चुकीचा आहे. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम.

कानाचेही तसेच आहे. खाली जाताना कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की दाब समान होतो. हे दुखण्याआधीच करायचे असते. दुखत असतानाही खाली जात राहिल्यास पडद्याला इजा होऊ शकते.

अनुभव-डाइव्ह आणि कोर्स यांत फरक काय?

सहलीतला अनुभव-डाइव्ह म्हणजे कोर्स नव्हे. त्यात प्रशिक्षक सतत सोबत असतो. ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार अशा डाइव्हची कमाल खोली १२ मीटर आहे. समुद्रात एका प्रशिक्षकाकडे जास्तीत जास्त चार नवखे असू शकतात.

याच संस्थेच्या ‘ओपन वॉटर’ कोर्समध्ये आधी माहितीचा भाग, मग तलावात किंवा शांत पाण्यात सराव आणि त्यानंतर खुल्या पाण्यात चार डाइव्ह असतात. २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमावे लागते. मास्कमध्ये शिरलेले पाणी काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधून पुन्हा लावणे, हवा संपल्यास जोडीदाराची हवा घेणे हे सगळे स्वतः करून दाखवावे लागते. गोंधळलेला माणूस श्वास रोखतो आणि झपाट्याने वर येतो. ते टाळण्यासाठीच हा सराव असतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

• प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे आणि ते चालू आहे का?
• माझ्यासोबत आणखी किती जण असतील?
• समुद्रात उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव करून घेणार का?
• बोटीवर ऑक्सिजन आहे का?
• आरोग्याचा फॉर्म भरून घेता का?

फॉर्म न देणाऱ्या किंवा ‘सगळीकडे नाही लिहा’ म्हणणाऱ्या ठिकाणी उतरू नका.

डॉक्टरांना आधी कोणी भेटावे?

दमा, फिट, हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, पूर्वी छातीत हवा भरून फुप्फुस दबले असल्यास, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी तपासणी करून घ्या. यांतल्या प्रत्येकाला नकारच मिळतो असे नाही. आजार आटोक्यात असल्यास काहींना परवानगी मिळते. गरोदरपणात मात्र डायव्हिंग टाळावे.

सर्दी असल्यासही डाइव्ह पुढे ढकला. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरू नका. त्याचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते.

डाइव्हनंतर काय पाहावे?

छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर, बोलण्यात अडखळणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, सांधेदुखी यांपैकी काही जाणवले तर ‘थकवा असेल’ म्हणून थांबू नका. फुप्फुसाच्या इजेची लक्षणे बहुधा काही मिनिटांत दिसतात. रक्तातील नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. रुग्णाला आडवे झोपवा, ऑक्सिजन द्या, १०८ ला फोन करा. किती खोल आणि किती वेळ डाइव्ह केली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

परतीचे विमान असेल तर एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबा.

पाण्यात उतरल्यावर भीती वाटली, कान दुखला किंवा नकोसे झाले, तर खूण करून सावकाश वर या. पैसे गेले तरी चालतील. चांगला प्रशिक्षक तुम्हाला कधीच आग्रह करणार नाही.