ओटा किती उंच हवा?

स्वयंपाकघराची आखणी ओट्यापासून सुरू होते आणि ओट्याची उंची ठरते ती रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपरावरून. कोपर काटकोनात वाकवलं की त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. बऱ्याच घरांत हे माप ३२ ते ३४ इंचांच्या आसपास भरतं. पोळी लाटताना खांदे कानाकडे चढत असतील तर ओटा उंच झाला. भाजी चिरताना कंबर भरून येत असेल तर बुटका. शेगडीची स्वतःची उंची त्यात आणखी मिळते. मोठ्या पातेल्यातली आमटी ढवळताना हात उगीच वर धरावा लागतो, म्हणून शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेतलेला बरा. गवंड्याला हे काम सुरू होण्याआधीच सांगायला हवं.

पावलं मोजून स्वयंपाकघर आखण्याची पद्धत शंभर वर्षांची आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. आजचं मॉड्यूलर किचन त्याच घराण्यातलं. त्यात बाईचे कष्ट खरोखर वाचत. पण ते एकटीने काम करण्यासाठी आखलेलं होतं. मराठी घरात एक जण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो, तिसरा नुसता गप्पा मारायला येतो. तेव्हा दोन माणसं एकमेकांना न अडखळता जातील एवढी, म्हणजे साडेतीन-चार फुटांची वाट ओट्यापुढे मोकळी हवीच.

दगड निवडताना आधी जेवणाकडे पाहावं. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुन्याचे. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यांची चकाकी जाते. ग्रॅनाइट ते सोसतो. क्वार्ट्झमध्ये राळ असते, त्यामुळे गरम कढई थेट टेकवली तर त्यावर डाग उमटतो.

छताच्या मध्यावर एकच दिवा असला की चिरणाऱ्याची सावली नेमकी विळीवर पडते. वरच्या कपाटांच्या तळाशी दिव्याची पट्टी बसवली की ही अडचण जाते. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश घराला ऊब देतो.

सिलिंडरचं कपाट सुबक दिसावं म्हणून पूर्ण बंद करणं मात्र धोक्याचं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. म्हणून दाराला जमिनीलगत जाळी हवी.

एवढं झालं की खिडकीखाली दीड फूट उंचीचा एक कट्टा बांधावा. आजीला मटार सोलायला, मुलाला शेगडीवरच्या दुधावर लक्ष ठेवत गृहपाठ करायला तो पुरतो.